फोटोचं वजन

दापोलीजवळ होमस्टे चालवणाऱ्या कुणी आपल्या वेबसाइटसाठी अंगणाचा फोटो काढला असं धरू. फोन साधाच, बारा मेगापिक्सेलचा. फोटोची रुंदी 4000 पिक्सेल, उंची 3000. म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला एकेक बाइट दिला, तर गुणाकार 36 एमबीपर्यंत जातो. प्रत्यक्षात गॅलरीत त्या फोटोचं वजन चार-पाच एमबी दिसतं. उरलेल्या तीसेक एमबींपैकी काही माहिती फोननं आटोपशीर लिहिली, आणि बरीचशी सरळ टाकून दिली. आपल्याला पत्ताही लागला नाही.

आता हाच पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा वेबसाइटच्या पहिल्या पानावर चढतो. पुण्यात घरच्या वायफायवर तो झटकन दिसतो, म्हणून मालक खूश. पण बुकिंग करणारा माणूस ताम्हिणी घाटात असतो, रेंजच्या एक-दोन काड्या लुकलुकत असतात. सेकंदाला आठ मेगाबिटचा वेग मिळाला तरी एका फोटोला पाच सेकंद लागतात, आणि त्या पानावर असे बारा फोटो असतात. माणूस वाट पाहत नाही. मागे जाऊन दुसऱ्या होमस्टेचं पान उघडतो.

यावर हल्ली सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे नवे फॉरमॅट घ्या: ‘वेबपी वापरा’ किंवा ‘एव्हिफ वापरा’. सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा नंबर दुसरा लागतो. आधी मोजमाप बघायला हवं. त्या गिऱ्हाइकाच्या फोनचा पडदा ब्राउझरच्या हिशेबात 360 एकक रुंद असतो आणि प्रत्येक एककात तीन खरे पिक्सेल बसतात, म्हणजे 1080 पिक्सेल. 4000 रुंदीचा फोटो त्यावर दाखवायचा तर ब्राउझरला तो उतरवून घेऊन पुन्हा बारीक करावा लागतो. 1080 बाय 810 चा फोटो पाठवला असता तर पावणेनऊ लाख ठिपक्यांत भागलं असतं. आधीपेक्षा सुमारे चौदा पट कमी. कोणताही नवा फॉरमॅट आणा, एवढी बचत एकट्याच्या जोरावर तो करून दाखवणार नाही.

शिवाय एक गोष्ट हमखास नजरेआड होते. फाइल कितीही लहान झाली, तरी पडद्यावर दाखवण्यासाठी ब्राउझरला ती पूर्ण उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक ठिपका साधारण चार बाइट जागा घेतो. 4000 बाय 3000 चा फोटो एव्हिफमध्ये बराच हलका झाला तरी फोनच्या मेमरीत तो 48 एमबीच अडवतो. स्वस्तातला फोन पान वर-खाली करताना अडखळतो त्यामागे अनेकदा हे असतं. तिथे फॉरमॅटचा इलाज चालत नाही, मोजमाप कमी केल्याशिवाय सुटका नाही.

मोजमाप झालं की मग प्रश्न येतो काय टाकायचं याचा. फोटोंचे बहुतेक फॉरमॅट मुळात याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि त्यांतलं जुनं, टिकाऊ उत्तर जेपेगचं आहे. 1986 मध्ये तज्ज्ञांची जी समिती बसली तिच्याच नावाची आद्याक्षरं फॉरमॅटला चिकटली. 1992 मध्ये मानक ठरलं.

जेपेगचा पहिला घाव रंगावर बसतो. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळा जितका नेमका टिपतो, तितका रंगातला टिपत नाही. म्हणून जेपेग आधी लाल-हिरवा-निळा हा हिशेब मोडतो आणि एक उजेडाचा थर आणि दोन रंगाचे थर अशी नवी मांडणी करतो. उजेडाचा थर पूर्ण ठेवला जातो. रंगाचे दोन्ही थर मात्र बहुतेक वेळा रुंदीतही निम्मे आणि उंचीतही निम्मे केले जातात. चार ठिपक्यांना मिळून एकच रंग. मूळच्या तीन भागांपैकी दीडच उरला. निम्मा माल गेला, आणि अंगणातली जास्वंद होती तेवढीच लाल दिसते.

दुसरा घाव खोल आहे, आणि त्यामागे एका भारतीय माणसाची गोष्ट आहे. बंगळुरात जन्मलेले आणि तिथेच इंजिनिअर झालेले नासिर अहमद पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. चित्र-ध्वनीसारखी माहिती कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडायची कल्पना त्यांनी 1972 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधीसाठी पाठवली. निधी मिळाला नाही. एका परीक्षकाला ती कल्पना फारच सोपी वाटली होती, असं अहमद यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा निबंध जानेवारी 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगातला जवळजवळ प्रत्येक जेपेग फोटो, आणि बहुतेक सगळे व्हिडिओसुद्धा, त्या ‘फारच सोप्या’ गणितावर किंवा त्याच्या भावंडांवर चालतात.

ते गणित करतं काय? फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. एका चौकोनात उजेडाचे 64 आकडे. हे गणित त्या 64 आकड्यांच्या जागी दुसरे 64 आकडे देतं. त्यांतला पहिला त्या चौकोनाचा एकूण उजेड सांगतो. पुढचे आकडे सांगतात की उजेड किती सावकाश किंवा किती झपाट्यानं बदलतो आहे. डाव्या वरच्या कोपऱ्याजवळचे आकडे संथ बदलांचे, उजव्या खालच्या कोपऱ्यातले अगदी बारीक किरकिरीचे. एवढं होईपर्यंत काहीच गमावलेलं नाही. उलटं गणित केलं की जुने आकडे परत मिळतात.

टाकणं यानंतर सुरू होतं. प्रत्येक जागेसाठी एक भाजक ठरलेला असतो. जेपेगच्या मानकात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यात पहिल्या आकड्याच्या शेजारच्या जागेला 11 हा भाजक आहे, तर उजव्या खालच्या टोकाला 99. समजा दोन्ही जागी 37 आला. पहिल्या ठिकाणी 37 भागिले 11, म्हणजे 3 आणि काहीतरी. जेपेग 3 लिहितो. फोटो उघडताना 3 गुणिले 11, म्हणजे 33 मिळतात. 37 चे 33 झाले, चाललं. दुसऱ्या ठिकाणी 37 भागिले 99, अर्ध्याहूनही कमी. जेपेग शून्य लिहितो. उघडताना शून्यच मिळतो. त्या जागची बारीक किरकिर कायमची गेली. अंगणाच्या भिंतीचा गिलावा, आकाश, चटई अशा शांत चौकोनांत 64 पैकी बहुतेक जागी असे शून्यच शून्य पडतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा जवळपास लागतच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ‘क्वालिटी 80’ असा जो आकडा दिसतो तो याच भाजकांना लहान-मोठं करतो. 80 म्हणजे ऐंशी टक्के दर्जा, असा समज आहे. तसं काही नसतं. टक्क्यांशी त्याचा संबंध नाही, आणि एका फॉरमॅटमधले 50 दुसऱ्या फॉरमॅटमधल्या 50 सारखे नसतात. जेपेगला 75 ची सवय झालेला माणूस एव्हिफलाही 75 लावतो आणि मग ‘फाइल काही फार लहान होत नाही हो’ म्हणतो.

याच गणितामुळे जेपेग कुठे फसतो तेही कळतं. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर उजेड एका ठिपक्यात शंभरावरून शून्यावर येतो. अशी कड नेमकी मांडायला सगळ्या बारीक लहरी लागतात, आणि जेपेगनं नेमक्या त्याच कापलेल्या असतात. मग अक्षराभोवती करडी धूळ बसते. देवनागरीची अवस्था रोमनपेक्षा वाईट होते, कारण आपल्याकडे शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, वेलांटी यांची दाटी असते आणि खाली उकार लटकत असतात. होमस्टेच्या दरपत्रकाचा जेपेग दोन-तीन वेळा इकडून तिकडे गेला की अनुस्वार कुठला आणि धुळीचा ठिपका कुठला ते ओळखू येत नाही. अशा चित्राला पीएनजी बरा. तो काहीही टाकत नाही, आणि सपाट रंगाच्या रेखीव चित्रांत त्याची फाइलही लहान होते. पण त्याहून बरं म्हणजे दरपत्रक चित्रात घालूच नये. युनिकोड रुळण्याआधी फॉन्टच्या भानगडीमुळे मराठी मथळे चित्र म्हणून लावावे लागत. ती मजबुरी संपून जमाना झाला. मजकूर मजकूर म्हणून लिहिला की तो काही केबीत येतो, शोधता येतो, आणि दृष्टी नसलेल्या माणसाचा फोन तो वाचूनही दाखवतो.

पीएनजीचा जन्म मात्र तांत्रिक गरजेपेक्षा रागातून झाला. 1987 मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं जिफ आणला होता. 256 रंगांची मर्यादा असली तरी तो सगळीकडे पसरला. जिफच्या आतली दाबण्याची पद्धत युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली होती, आणि 1994 च्या अखेरीस तिच्या वापरासाठी परवाना घ्यावा लागेल असं जाहीर झालं. इंटरनेटवरच्या प्रोग्रामर मंडळींनी चिडून 1995 मध्ये पीएनजी रचायला घेतला. 1996 मध्ये तो अधिकृत शिफारस झाला. फॉरमॅटच्या इतिहासात गणिताइतकीच वकिलांचीही कामगिरी आहे, हे पुढेही दिसत राहतं.

जेपेग फोटोत एक ढोबळ उणीव आहे. तो प्रत्येक चौकोन जवळजवळ एकटा समजून लिहितो. फक्त सरासरी उजेड तेवढा शेजाऱ्याशी ताडून पाहतो. निळ्या आकाशाचे पाचशे चौकोन एकमेकांसारखेच आहेत, हे त्याच्या लक्षातच येत नाही. व्हिडिओवाल्यांनी ही उणीव केव्हाच ओळखली होती. गूगलनं 2010 मध्ये ऑन2 ही व्हिडिओ तंत्राची कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस तिच्या व्हीपी8 या व्हिडिओ पद्धतीवर बेतलेला वेबपी बाहेर आणला. वेबपी फोटो म्हणजे मुळात व्हिडिओची एकच चौकट. तो आधी वरच्या आणि डावीकडच्या चौकोनांवरून ‘इथे काय असेल’ याचा अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक लिहून ठेवतो. तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा फाइल 25 ते 34 टक्क्यांनी लहान होते, असं गूगलचं स्वतःचं मोजमाप. स्वतःच्या मालाचं मोजमाप स्वतःच केलेलं असल्यानं थोडं सावधपणे घ्यावं, पण दिशा बरोबर आहे. त्यात पारदर्शकता आहे, हलती चित्रंही आहेत. तरी फायरफॉक्सनं तो 2019 मध्ये आणि ॲपलच्या सफारीनं 2020 मध्ये स्वीकारला. दहा वर्षं! आयफोनवर चित्र दिसणार नाही म्हटल्यावर कोण हात घालणार?

एव्हिफच्या वाट्याला इतकी वाट पाहणं आलं नाही, कारण या वेळी मोठे खेळाडू आधीच एकत्र बसले होते. 2015 मध्ये ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून अलायन्स फॉर ओपन मीडिया ही आघाडी काढली. परवान्याचे पैसे मोजायला लागू नयेत, हा उद्देश उघड होता. त्यांची एव्ही1 ही व्हिडिओ पद्धत 2018 मध्ये आली आणि तिच्यातली एक चौकट काढून 2019 मध्ये एव्हिफ झाला. क्रोमनं तो 2020 मध्ये घेतला, फायरफॉक्सनं 2021 मध्ये, सफारीनं 2022 मध्ये. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर, आघाडीत संस्थापक असूनही, 2024 पर्यंत रेंगाळला.

एव्हिफचे चौकोन लवचीक आहेत. कोरं आकाश असेल तर एक चौकोन 128 ठिपके रुंद, माडाच्या झावळ्या असतील तर चार ठिपक्यांइतका लहान. कोणत्या कोनातून रेघ चालली आहे ते ओळखून तो पुढचे ठिपके भाकीत करतो, आणि उजेडाच्या थरावरून रंगाचाही अंदाज घेतो. फारच आवळलं तरी जेपेगसारखे चौकोन उघडे पडत नाहीत. पण त्याची स्वतःची खोड आहे: तो गुळगुळीत करतो. होमस्टेच्या अंगणाला त्यानं फरक पडत नाही. पैठणी विकणाऱ्याला मात्र पडतो. पदरावरचा मोर जागेवर राहतो, रंगही छान दिसतात, पण जरीचा एकेक धागा आणि विणीचा पोत पुसला जाऊन कापड छापील वाटू लागतं, आणि गिऱ्हाईक जो पोत बघून पैसे मोजतं तोच गेलेला असतो. अशा दुकानानं पदराच्या जवळून घेतलेल्या फोटोला सढळ हातानं केबी द्यावेत आणि बाकीच्या पानावर काटकसर करावी. सगळ्या फोटोंना एकच क्वालिटी लावणारे प्लगइन मला म्हणूनच आवडत नाहीत.

गुणवत्तेत उजवा असून मागे राहिलेला फॉरमॅट म्हणजे जेपेग एक्सएल. जुना जेपेग फोटो तो एकही आकडा न गमावता सुमारे वीस टक्क्यांनी लहान करून देतो, आणि वाटलं तर तोच जेपेग बाइटन् बाइट परत उभा करतो. फोटो उतरत असताना आधी धूसर, मग स्पष्ट असा टप्प्याटप्प्यानं दाखवायची सोयही त्याच्यात आहे. 2022 मध्ये त्याचं मानक झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात क्रोमनं त्याचा प्रायोगिक आधार काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं, की एकंदर कुणाला पुरेसा रस दिसत नाही. जाणकारांनी त्यावर बरीच आदळआपट केली. ॲपलनं पुढच्या वर्षी सफारी 17 मध्ये तो घेतला. म्हणजे दहा वर्षं वेबपीला ताटकळत ठेवणारं दार या खेपेला आधी उघडलं, आणि वेबपी जन्माला घालणारं बंद झालं. सामान्य वेबसाइटवाल्यानं तूर्त त्याच्या भरवशावर राहू नये, एवढंच.

तर मग वेबसाइटवर चढवायचं काय? सुदैवानं एकच निवडायची गरज नाही. एचटीएमएलच्या ‘पिक्चर’ टॅगमध्ये एकाच फोटोच्या तीन प्रती सांगता येतात: आधी एव्हिफ, मग वेबपी, शेवटी जेपेग. ब्राउझर यादी वरून वाचत येतो आणि त्याला समजणारी पहिली प्रत उचलतो; बाकीच्या उतरवतच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. वेबपी वर लिहिला तर एव्हिफ नुसता पडून राहतो. मोजमापांचंही तसंच. ‘सोर्ससेट’मध्ये 480, 800, 1200, 1600 अशा रुंदीच्या प्रती सांगितल्या की पडदा बघून ब्राउझर निवड करतो. पण सोबत ‘साइझेस’ लिहायला लोक विसरतात. ते नसलं की ब्राउझर फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा आहे असं धरून चालतो, आणि तीन फोटोंच्या रांगेतल्या लहानशा चित्रालाही भली मोठी प्रत मागवतो. वर्डप्रेस वेगवेगळ्या मोजमापांच्या प्रती आपण होऊन बनवतं, 2021 पासून वेबपी आणि 2024 पासून एव्हिफही स्वीकारतं. तिथे निम्मं काम आयतं होतं.

‘लेझी लोडिंग’ची गंमत वेगळीच. खालचे फोटो वाचक तिथवर आल्यावरच मागवायचे, ही सोय 2019 मध्ये थेट क्रोममध्ये आली आणि चांगली आहे. मग उत्साहाच्या भरात ती सगळ्याच फोटोंना लावली जाते, अगदी पानाच्या माथ्यावरच्या मोठ्या फोटोलासुद्धा. मग जो फोटो सर्वांत आधी हवा, तोच ब्राउझर थांबवून ठेवतो. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची कसोटी आहे, आणि तो घटक बहुतेक वेळा हाच फोटो असतो. त्याला लेझी लावू नये. उलट ‘फेचप्रायॉरिटी हाय’ लिहावं. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची टॅगमध्ये द्यावी, म्हणजे फोटो यायच्या आधीच त्याची जागा राखली जाते आणि वाचत असलेली ओळ अचानक खाली उडी मारत नाही.

हे सगळं करायला मूळ फोटो चांगला हवा. आपल्याकडे दुकानदार वेबसाइट बनवणाऱ्याला फोटो पाठवतो ते व्हॉट्सॲपवर. तिथे तो लहान होऊन पुन्हा जेपेगमध्ये दाबला जातो. त्या दाबलेल्या फोटोतून एव्हिफ बनवला तर जेपेगची धूळही इमानेइतबारे जपली जाते. खोटी किरकिर लिहिण्यात बाइट वाया जातात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइल पोचते. आयफोनवाल्यांनी मात्र आधी बघावं: 2017 पासून त्यांचा फोन फोटो एचईआयसीमध्ये ठेवतो, आणि तो फॉरमॅट बहुतेक ब्राउझरांना उघडताच येत नाही. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरून धंदा करणाऱ्या बाईनं साड्यांचे फोटो तसेच चढवले तर घरचा पत्ताच जाहीर होतो. ही जादा माहिती काढून टाकावी. फक्त फोन आडवा होता की उभा, ही नोंद फोटो सरळ केल्याखेरीज पुसू नये, नाहीतर अंगण कुशीवर झोपतं.

करून बघायचं असेल तर गूगलच्या मंडळींनी 2018 मध्ये काढलेलं स्क्वूश हे ब्राउझरमध्येच चालणारं साधन फुकट आहे. फोटो टाकला की मध्ये एक उभी पट्टी येते. डावीकडे मूळ, उजवीकडे नवा, खाली दोघांचं वजन. पट्टी सरकवत क्वालिटी कमी करत जायचं आणि फरक डोळ्याला जाणवला की एक पायरी वर यायचं. फोटो ज्या आकारात पानावर दिसणार त्याच आकारात हे बघावं, चारपट मोठा करून नव्हे.

आणि कुठून सुरुवात करायची, हे विचारणाऱ्यांसाठी: संगणकावर क्रोममध्ये आपलं पान उघडा, राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’मध्ये जा, ‘नेटवर्क’ निवडा, पान रीलोड करा, वरच्या पट्टीतून फक्त चित्रं ठेवा आणि ‘साइझ’वर क्लिक करून यादी उतरत्या क्रमानं लावा. बहुतेक वेळा वरच्या तीन-चार फाइलींतच पानाचं निम्म्याहून जास्त वजन सापडतं.